छतातील एल. ई. डी. दिव्यांची पारख

विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या इमारतींतील दीपयोजनेचे स्वरूप गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळच पालटले आहे. छतापासून दांड्यांनी लोंबणाऱ्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या जाऊन त्यांच्या जागी फॉल्स सीलिंगमध्ये बसविलेले वाटोळे किंवा चौकोनी दिवे आले. बाजारात त्यांना डाउनलाइट म्हणतात. त्यांना अधोमुख दिवे म्हणावयास हरकत नाही. हा बदल नुसता दिसण्याचा नाही. ट्यूबलाइटची लांबी, तिचे वॅट आणि तिची दोन टोके ही सर्वत्र ठरलेली होती; एका कारखान्याची नळी गेली तर दुसऱ्याची बसत असे आणि शिपाईही ती बदलू शकत असे. एल. ई. डी. अधोमुख दिव्यात मात्र प्रकाशाचा उगम, परावर्तक, उष्णता घालविणारे अंग आणि विद्युत्-पुरवठा नियंत्रित करणारा ड्रायव्हर ही बहुधा एकाच वस्तूत जखडलेली असतात. एक बिघडले की सारेच काढून टाकावे लागते, आणि पाच वर्षांनी त्याच व्यासाचा, त्याच रंगाचा दिवा मिळेलच असे नाही. एकदा शेकड्यांनी केलेली खरेदी चुकली तर ती चूक दहा वर्षे डोक्यावर लटकत राहते. असे असूनही खरेदीच्या मागणीपत्रकात बहुधा ‘१५ वॅट, पांढरा, वाटोळा’ एवढेच लिहिलेले असते व किमान दराची निविदा स्वीकारली जाते. या चार शब्दांनी दिव्याच्या गुणवत्तेविषयी काय कळते, याचे उत्तर जवळजवळ काहीच नाही असे द्यावे लागेल.

वॅट हे खर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. तंतुदिव्याच्या काळात दोहोंची सांगड पक्की होती. १०० वॅटचा बल्ब म्हटले की सुमारे १२०० ते १४०० ल्यूमेन प्रकाश अपेक्षित असे. एल. ई. डी.च्या बाबतीत ही सांगड सुटली आहे. १५ वॅटचा एक दिवा ११०० ल्यूमेन देईल, तर दुसरा १८०० देईल. यासाठी मागणी ल्यूमेनमध्येच केली पाहिजे. तीही आतल्या चिपच्या ल्यूमेनमध्ये नव्हे, तर परावर्तक व पडदा यांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या ल्यूमेनमध्ये. या दोहोंत पडणारा फरक पत्रकात अनेकदा गाळलेला असतो.

परंतु ल्यूमेनही पुरेसे नाहीत. एकूण प्रकाश किती हे त्यांनी कळते. तो कोणत्या दिशेला जातो हे कळत नाही. समजा, १५०० ल्यूमेनचा दिवा दुधी पडद्याचा असून सर्व दिशांनी सारखाच उजळ दिसणारा आहे. अशा पृष्ठाची सरळ खालच्या दिशेची तीव्रता एकूण ल्यूमेनना पायने भागून मिळते, म्हणजे सुमारे ४७७ कँडेला. वाचनालयाचे छत ३ मीटर व मेजाची उंची ०.७५ मीटर धरली तर दिवा मेजापासून २.२५ मीटर वर आहे. अंतराच्या वर्गाने भागिले असता त्या एका दिव्याचे मेजावर अवघे ९४ लक्स पडतात. उलट तेवढ्याच वॅटच्या, परंतु ३६ अंशांच्या झोताच्या दिव्याची मध्यतीव्रता ३००० कँडेला असेल, तर त्याच बिंदूवर सुमारे ५९० लक्स मिळतात. पण म्हणून दुसरा दिवा सहापटीने चांगला असे अनुमान काढणे भाबडेपणाचे होईल. ३६ अंशांच्या झोताचा मेजावरील व्यास सुमारे १.४६ मीटर असतो, ६० अंशांच्या झोताचा २.६ मीटर आणि २४ अंशांच्या झोताचा जेमतेम ०.९६ मीटर. अरुंद झोताचे दिवे दूरदूर लावले की मेजांवर उजेडाचे थारोळे व त्यांच्यामध्ये अंधार, असे चित्र उमटते. हॉटेलच्या प्रवेशदालनात ते शोभते. वाचनालयात वाचकाला आपले पुस्तक उजेडाकडे सरकवावे लागते.

प्रत्यक्ष खोलीचे उदाहरण घेतल्याने हा विचार स्पष्ट होईल. ९ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशा वाचनकक्षात सर्वत्र सरासरी ३०० लक्स हवेत असे धरू. युरोपीय मानक ई. एन. १२४६४-१ वाचनाच्या जागेसाठी ५०० लक्स सुचविते, व भारतीय मानक आय. एस. ३६४६ मध्येही अंतर्गत दीपनाविषयी मार्गदर्शन आहे; प्रत्येक मेजावर स्वतंत्र दिवा असेल तर सर्वसाधारण उजेड ३०० लक्स ठेवणे व्यवहार्य आहे. क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर असल्याने १६,२०० ल्यूमेन मेजांच्या पातळीवर पोहोचले पाहिजेत. दिव्यांतून निघालेल्या प्रकाशाचा काही भाग भिंतींत व फरशीत मुरतो; फिक्या रंगाच्या भिंती असता सुमारे ०.६ हिस्सा मेजापर्यंत येतो असे मानू. धूळ व वयोमानाने येणारी घट ०.८ या गुणकाने हिशेबात घेतली, तर १५०० ल्यूमेनच्या प्रत्येक दिव्याचे उपयुक्त ल्यूमेन ७२० उरतात. भागाकार साडेबावीस येतो. लांबीत सहा व रुंदीत चार असे २४ दिवे लावले की दोन्ही दिशांनी त्यांचे अंतर दीड मीटर राहते. एकूण ३६० वॅट, म्हणजे चौरस मीटरला सात वॅटहून कमी. दिव्यांतील अंतर दीड मीटर व उंची सव्वादोन मीटर असल्याने ६० अंशांचे झोत एकमेकांत चांगले मिसळतात. ३६ अंशांचे झोत केवळ एकमेकांना टेकतात. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, आणि तो न करता ‘चार फुटांना एक’ या कंत्राटदाराच्या परिपाठाने दिवे लावले जातात हे आश्चर्य आहे.

उजेड पुरेसा असूनही वाचक तक्रार करतात तेव्हा दोष बहुधा डोळे दिपविणाऱ्या चकाकीचा असतो. वर उल्लेखिलेल्या दुधी पडद्याच्या दिव्याचा व्यास १५ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या पृष्ठाची उजळता चौरस मीटरला सुमारे २७,००० कँडेला भरते. खिडकीतून दिसणारे दिवसाचे निरभ्र आकाश काही हजारांच्या घरात असते. शिवाय असा पडदा कोणत्याही कोनातून तेवढाच उजळ दिसतो. कक्षाच्या टोकाला बसलेल्या वाचकाने पुस्तकावरून नजर उचलली की दूरचे वीस दिवे एकदम त्याच्या दृष्टीच्या टापूत येतात. चकाकी मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने जो यू. जी. आर. हा अंक ठरविला आहे, त्याच्या सूत्रात प्रत्येक दिव्याच्या उजळतेचा वर्ग त्या दिव्याने डोळ्याशी केलेल्या घनकोनाने गुणिलेला असतो. याचा अर्थ असा की, डोळ्याकडे येणारा प्रकाश तेवढाच ठेवून दिव्याचे तोंड निम्मे केले तर ही बेरीज दुप्पट होते व अंक सुमारे २.४ ने चढतो. दिवे लहान व नाजूक दिसावेत या हौसेची किंमत अशी डोळ्यांना मोजावी लागते. लेखन-वाचनाच्या जागी हा अंक १९ च्या वर जाऊ नये असा संकेत आहे. तथापि दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या ‘यू. जी. आर. १९ पेक्षा कमी’ या शब्दांना एकट्याने अर्थ नाही. हा अंक खोलीचे मोजमाप, भिंतींचे रंग, दिव्यांची मांडणी व पाहणाऱ्याची जागा यांवर अवलंबून असतो. तो दिव्याचा गुण नसून खोलीचा आहे. उत्पादकाकडून मागावयाचा तो निरनिराळ्या आकारांच्या खोल्यांसाठी दिलेला तक्ता.

चकाकीवरील जुना व खात्रीचा उपाय म्हणजे उगम खोल बसविणे. दिव्याच्या तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर, उगमाची त्रिज्या १ सेंटिमीटर आणि उगम तोंडापासून ६ सेंटिमीटर आत असेल, तर क्षितिजाखाली ४५ अंशांहून कमी कोनातून पाहणाऱ्याला उगम दिसतच नाही. बसलेल्या माणसाचा डोळा १.२ मीटर उंचीवर असतो. छत ३ मीटरवर असता आडव्या अंतराने १.८ मीटरपलीकडचे सर्व दिवे त्याच्या दृष्टीने झाकले जातात. हा गुण पडताळण्यास उपकरण लागत नाही. नमुन्याचा दिवा छताच्या उंचीवर धरून खालून मागे मागे सरकत जावे. उगम कोठे दिसेनासा होतो ते अंतर मोजपट्टीने मोजावे. खोल दिव्याचा एक तोटाही नमूद केला पाहिजे. भिंतींच्या वरच्या भागावर व छतावर त्याचा प्रकाश पडत नाही, त्यामुळे खोली गुहेसारखी भासते व समोरच्या माणसाच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. वर्गात फळ्याला स्वतंत्र दिवा हवा व वाचनालयात कपाटांच्या कण्यांवर उभा उजेड हवा, तो अधोमुख दिव्यांच्या एकाच जाळ्यातून मिळविण्याचा अट्टाहास सोडणे बरे.

आता रंगाकडे वळावयाचे. दृश्य तांबडा प्रकाश देणारा एल. ई. डी. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखविला. निळ्या प्रकाशासाठी मात्र आणखी तीस वर्षे लागली. अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच निळ्या दिव्यासाठी. पांढरा दिवा हा मुळात निळाच असतो. गॅलियम नायट्राइडच्या निळ्या चिपवर सेरियमयुक्त पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला असतो. निळ्याचा काही भाग तसाच बाहेर येतो, उरलेला पिवळ्यात पालटतो आणि दोहोंच्या मिश्रणाला डोळा पांढरे म्हणतो. त्या पांढऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचे टोकदार शिखर, ४८० च्या सुमारास दरी, आणि गडद तांबड्याकडे उतरणीला लागलेली कडा दिसते. कागद अशा प्रकाशात पांढराच दिसतो, पण वस्तूंचे रंग दगा देतात. पैठणी घेणारी बाई लुगडे दुकानाच्या पायरीवर आणून दिवसाच्या उजेडात पाहते, तिला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही.

केल्विनमध्ये सांगितले जाणारे रंगतापमान प्रकाश पिवळट की निळसर एवढेच सांगते. २७०० ला तो तंतुदिव्यासारखा, ४००० ला मधला आणि ६५०० ला निळसर असतो. ट्यूबलाइटच्या सवयीमुळे आपल्याकडे ६५०० ला ‘स्वच्छ’ उजेड मानण्याची प्रथा पडली आहे. दिवसा वापरावयाच्या प्रयोगशाळेत त्यास फारशी हरकत नाही. वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत मात्र तो टाळावा. मेंदूला दिवस-रात्रीची खबर देणाऱ्या, डोळ्याच्या पडद्यातील मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात व निळसर प्रकाशाने त्या अधिक उद्दीपित होतात.

वस्तूंचे रंग किती यथार्थ दिसतात याचे माप वेगळे आहे. रंगदर्शन निर्देशांक, ज्यास आर-ए म्हणतात, तो आठ फिक्या नमुन्यांवरील फरकांची सरासरी काढून ठरवितात. सरासरीचा नेहमीचा दोष येथेही आहे. नववा नमुना गडद तांबडा आहे व तो या सरासरीत धरलाच जात नाही. परिणामी आर-ए ८० असलेल्या दिव्याचा आर ९ शून्याजवळ, क्वचित शून्याखालीही असू शकतो. अशा प्रकाशात माणसाची कातडी राखी व निर्जीव दिसते, आणि भूविज्ञानाच्या कपाटातील माणिकरंगी खनिज किंवा वनस्पतिसंग्रहातील तांबूस पान ओळखताना फसगत होते. रसायनशाळेत मिथिल ऑरेंजचा पिवळ्याकडून तांबड्याकडे होणारा पालट नेमका कोठे मानावा, हाही अखेर त्या खोलीतील वर्णपटाचाच प्रश्न असतो. उत्तर अमेरिकेतील प्रकाश-अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये ९९ नमुन्यांवर आधारलेली टी. एम. ३० ही पद्धत प्रसिद्ध केली ती याच उणिवेमुळे. मार्गिका व जिने यांना आर-ए ८० पुरे. प्रयोगशाळा, संग्रहालय, कलाशाळा व आरोग्यकेंद्र यांना आर-ए ९० आणि आर ९ किमान ५० असा आग्रह धरावा. त्यासाठी काही टक्के ल्यूमेन सोडावे लागतात. डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला कमाल असून तांबड्याकडे ती झपाट्याने घसरते, म्हणून तांबडा प्रकाश वाढविला की वॅटमागे ल्यूमेन घटणारच. केवळ ल्यूमेनच्या चढाओढीवर निवड केली तर तांबड्याचा बळी आपोआप जातो.

एकाच छतातील दोन दिवे शेजारी एक हिरवट व एक गुलाबी दिसतात, याचे कारण केल्विनच्या आकड्यात सापडत नाही. डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी १९४२ मध्ये रंगाचा कोणता फरक डोळ्याला जेमतेम कळतो त्याची लंबवर्तुळे मोजली. त्यांच्या पटीत दिव्यांचा एकसारखेपणा सांगतात. तीन पायऱ्यांच्या आतील दिवे सहसा सारखे वाटतात. सात पायऱ्यांच्या मर्यादेतील दिवे पांढऱ्या छतावर हटकून वेगळे दिसतात.

लुकलुकीचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण ती दिसत नाही तरी जाणवते. आपल्याकडील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणून दिव्याला मिळणारी शक्ती १०० वेळा चढते-उतरते. तंतुदिव्याचा तापलेला तंतू ही चढउतार पचवीत असे. एल. ई. डी.मधील फॉस्फर एका सूक्ष्मसेकंदाहूनही कमी वेळात विझतो, म्हणून ड्रायव्हरमधून जे येते ते सर्व प्रकाशात उमटते. अर्नल्ड विल्किन्स व त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमध्ये १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बदलून उच्च कंप्रतेच्या लावल्यावर कार्यालयातील डोकेदुखी व डोळ्यांचा ताण निम्म्याने किंवा अधिक घटल्याचे आढळले. कर्मचाऱ्यांना दिव्यांतील फरक डोळ्यांनी दिसत नव्हता. आय. ई. ई. ई. या संस्थेच्या २०१५ मधील १७८९ क्रमांकाच्या शिफारशीनुसार १०० हर्ट्‌झला प्रकाशाचा चढउतार ८ टक्क्यांच्या आत असावा, आणि ३ टक्क्यांच्या आसपास तो निर्धोक मानावा. येथे चढउतार म्हणजे कमाल व किमान प्रकाशातील फरक भागिले त्यांची बेरीज. ज्या स्वस्त दिव्यांत प्रवाह गुळगुळीत करणारे धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, लहान किंवा गाळलेले असते, तेथे हा अंक जवळजवळ शंभरावर जातो. तपासणी अवघड नाही. दिव्याखाली पेन्सिल वेगाने हलविली असता सलग पुसट पट्टा दिसण्याऐवजी तुटक पेन्सिली दिसल्या, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकू लागले, की संशय घ्यावा. भौतिकी विभागाजवळ फोटोडायोड व ऑसिलोस्कोप असतातच; अर्ध्या तासात अंक हाती येतो. मंद करण्याची सोय असलेल्या दिव्याची तपासणी मंद स्थितीतही करावी, कारण पुष्कळ दिवे पूर्ण तेजाला शहाण्यासारखे वागतात व निम्म्यावर आणले की थरथरू लागतात.

एल. ई. डी. ‘थंड’ असतो हा समज अर्धाच खरा आहे. पांढऱ्या प्रकाशाच्या एका वॅटमध्ये साधारणतः ३२० ल्यूमेन असतात. म्हणजे १५०० ल्यूमेन हे पावणेपाच वॅट प्रकाश झाले. १५ वॅटपैकी उरलेले दहा वॅट उष्णताच आहेत. तंतुदिवा आपली उष्णता अवरक्त किरणांनी खाली फेकून देई, एल. ई. डी.ची उष्णता मात्र मागच्या अंगाने, फॉल्स सीलिंगच्या वरच्या कोंडलेल्या हवेत जाते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश सेल्सियस असता गच्चीच्या स्लॅबखालील त्या पोकळीत काय स्थिती असेल याची कल्पना करावी. तेथे २५ अंशांवर घेतलेले चाचणीचे आकडे फारसे कामाचे नाहीत. चिपच्या जंक्शनचे तापमान वाढले की ल्यूमेन घटतात व रंग सरकतो. परंतु पहिला बळी बहुधा ड्रायव्हरमधील कपॅसिटरचा जातो. त्यातील द्रव सुकत जातो, आणि दर दहा अंशांच्या वाढीस त्याचे आयुष्य निम्मे होते असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. दिवा हातात घेऊन त्याचे वजन पाहणे ही बाजारातली रीत म्हणूनच अगदीच अडाणी नाही. ॲल्युमिनियमचे भरीव पंख वजनाने कळतात, रंगविलेले प्लास्टिकही कळते.

आयुष्याच्या आकड्यांत सर्वाधिक गोंधळ आहे. ‘५०,००० तास’ याचा अर्थ दिवा तेवढे तास जळेल असा नसून तेवढ्या काळाने त्याचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईल असा असतो. त्यास एल ७० म्हणतात. हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. एल. एम. ८० या पद्धतीने चिप किमान ६,००० तास, म्हणजे २५० दिवस, जाळून तिची घट नोंदवितात, आणि टी. एम. २१ या नियमाने ती घट पुढे नेतात. हे पुढे नेणे चाचणीच्या कालावधीच्या सहापटीहून अधिक करता येत नाही. तेव्हा ६,००० तासांच्या चाचणीवरून फार तर ३६,००० तासांचा दावा करता येतो, आणि १,००,००० तास छापणाऱ्याने सुमारे १७,००० तासांची चाचणी दाखविली पाहिजे. वाचनालय वर्षाला ३,००० तास उघडे असते असे धरले तर ३६,००० तास म्हणजेही बारा वर्षे होतात. अर्थात तेवढा दावा खरा ठरला तरी पुरे. पण ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की एल. एम. ८० ही परीक्षा चिपची आहे, दिव्याची नाही. ड्रायव्हर तिसऱ्या वर्षी गेला तर चिपचे उरलेले आयुष्य कोणाच्या कामाचे? म्हणून वेगळा ड्रायव्हर, खालून काढता-घालता येणारी जोडणी आणि ड्रायव्हरची स्वतंत्र हमी या अटी निविदेत घालाव्यात. संपूर्ण दिव्याचे ल्यूमेन, वॅट व रंग यांसाठी एल. एम. ७९ चा अहवाल आणि प्रकाशवितरणाची संगणकीय फाइल मागावी.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगता येतील. दिव्यांसाठी आय. एस. १०३२२ व ड्रायव्हरसाठी आय. एस. १५८८५ या भारतीय मानकांच्या मालिका आहेत. त्या मुख्यतः सुरक्षिततेच्या आहेत, उत्तम प्रकाशाची ग्वाही देणाऱ्या नव्हेत. शक्तिगुणक ०.९ च्या वर असावा. पावसाळ्यातील विजांचे व वीज जाण्या-येण्याचे धक्के सोसण्याची क्षमता किती किलोव्होल्टची आहे हे ग्रामीण भागातील महाविद्यालयाने अवश्य विचारावे.

कागदपत्रे पाहून झाल्यावरही नमुन्याची परीक्षा चुकवू नये. प्रत्येक निविदाकाराचे दोन दिवे घेऊन ते टेबलावर नव्हे, तर प्रत्यक्ष छतात, वरची पोकळी बंद करून, निदान दोन तास जाळावेत. ड्रायव्हरवर टी-सी अशा खुणेचा एक बिंदू व त्याचे कमाल तापमान छापलेले असते. तेथे थर्मोकपल चिकटवून वाचन घ्यावे व मे महिन्यातील वाढीव तापमान त्यात मिळवावे. सुरुवातीचे व दोन तासांनंतरचे लक्स एकाच जागी मोजावेत. त्यांत मोठी घट दिसली तर उष्णता बाहेर पडत नाही हे उघड होते. दोन्ही दिवे पांढऱ्या भिंतीवर शेजारी शेजारी टाकून रंगातील फरक पाहावा, आणि त्या उजेडात चार वेगवेगळ्या माणसांना तासभर वाचावयास बसवावे. निवड झाल्यावर एकूण संख्येच्या विसाव्या हिश्श्याइतके जादा दिवे त्याच गटातील घेऊन, त्यांवर गट-क्रमांक व खरेदीची तारीख लिहून, ते विभागाच्या कपाटात ठेवावेत.